गोधडी आणि मांजर : बनशंकरीच्या वाटेवरचा एक घरगुती इतिहास

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी इतिहासविषयक लेख लिहावयाचा म्हटले की बंगळूरकर मराठी माणसाची लेखणी आपोआप शहाजीराजांकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने केंपेगौडांचे बंगळूर घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले, जयराम पिंड्ये यांनी त्यांच्या दरबाराचे वर्णन ‘राधामाधवविलासचंपू’त केले, आणि १६८७ साली तीन लाख रुपयांच्या मोलाने हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेले. हा पाठ आपल्या सभासदांस मुखोद्गत आहे. आम्ही प्रस्तुत लेखात दरबारातून उठून माजघरात जाणार आहोत. सनदा आणि फर्माने घेऊन ह्या शहरात आलेली मराठी घराणी थोडी; बाकीच्यांच्या सामानात एक ट्रंक होती आणि एक वळकटी होती. त्या वळकटीत गोधडी होती. बिऱ्हाड थाटून महिना होतो न होतो तोच त्या गोधडीवर कोठले तरी मांजर येऊन निजले, आणि ते घरचेच झाले.

ह्या दोहोंचा इतिहास कोणी लिहीत नाही, कारण वाङ्मयाने दोघांचीही अपकीर्ती करून ठेवली आहे. गोधडी म्हणजे दारिद्र्य. संस्कृतात तिला कंथा म्हणत. ती जोग्याच्या आणि भिक्षेकऱ्याच्या अंगावर असावयाची. मांजर म्हणजे ढोंग. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी युधिष्ठिराला निरोप धाडतो, त्यात तपस्व्याचे सोंग घेऊन उंदीर खाणाऱ्या मांजराची गोष्ट आहे. तसलेच मांजर महाबलीपुरमच्या प्रचंड शिल्पपटात पुढचे पाय आकाशाकडे उंचावून तप करीत उभे आहे आणि त्याच्यापाशी उंदीर भाविकपणे जमले आहेत. दूध पिताना डोळे मिटल्याचा आरोप आपण मराठी माणसे त्याच्यावर आजतागायत करीत आलो आहोत. गोधडीच्या बाजूने मात्र एक मोठी साक्ष आहे. जनाबाईच्या कथेत देव तिच्या घरी येतो आणि परतताना आपला शेला व पदक विसरून तिचीच वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहतो. पुढे चोरीचा आळ, सूळ आणि त्या सुळाचे पाणी होणे हा भाग सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, जनाबाई ज्या घरी राबत होती ते घर नामदेवांचे, म्हणजे शिंप्याचे होते. शिंप्याच्या घरी चिंध्यांची वाण नसते.

आता बनशंकरीकडे वळू. बंगळूरच्या दक्षिण भागातील आमच्या वसाहतीने हे नाव कनकपुरा रस्त्यावरील देवळावरून घेतले. ते देऊळ १९१५ सालचे. मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात लिंबाच्या उलट्या केलेल्या वाट्यांत दिवे लावणाऱ्या स्त्रियांची तेथे जी गर्दी होते, तीत मराठी बोलणे हटकून कानी पडते. परंतु देवीचे मूळपीठ येथे नाही. ते बदामीजवळ चोळचगुड्ड येथे आहे. पुराणातील शाकंभरी ती हीच. पौष पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. सध्याचे तेथील देऊळ १७५० साली परशुराम आगळे नावाच्या मराठा सरदाराने बांधविले असे सांगतात. सोलापूर, सांगली, कोल्हापूर ह्या बाजूंच्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे. आणि, येथे आमचा विषय येऊन मिळतो, देवांग विणकरांचीही ती कुलदेवता आहे. ती विणकरांची देवी आहे.

बदामीच्या आसपासचा नकाशा पुढ्यात घेतला की ह्या गोष्टीचा अर्थ उलगडतो. जवळच गुळेदगुड्ड आहे. महाराष्ट्रातील आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या खणांच्या चोळ्या घातल्या, ते खण तेथे विणले जात. पूर्वेकडे इलकल आहे. त्यालाच आपण इरकल म्हणतो. इरकली लुगडे तेथले. अंग सुती, काठ ठसठशीत, आणि पदर वेगळ्या ताण्याचा, मूळ ताण्याशी फासे गुंतवून जोडलेला, तोच टोपपदर. हा सगळा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि त्याचा व्यापार पुण्या-सोलापूरकडे सरळ चाले. तात्पर्य, जिला आपण अस्सल महाराष्ट्रीय गोधडी म्हणतो तिचे कापड पुष्कळदा कानडी मागावर विणलेले असते. ते कर्नाटकातून महाराष्ट्रात गेले, तेथे वीस-वीस वर्षे नेसून, धुऊन, विरून मऊ झाले, आणि मग गोधडी होऊन नोकरीनिमित्त बंगळूरला निघालेल्या मुलाच्या वळकटीतून पुन्हा कर्नाटकात आले. ‘आपण परमुलखात आलो’ असे ह्या अंकाच्या मागील पिढीतील लेखक मोठ्या हळव्या सुरात लिहीत. त्यांच्या अंथरुणाने ते कधी मान्य केले नसते.

शिवाय येथे तिचे स्वागत करणारे आधीपासून होतेच. भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी ह्या समाजांची मराठी बोलणारी घरे कर्नाटकात पिढ्यान् पिढ्या आहेत. कापड रंगविणे, छापणे, शिवणे हा त्यांचा परंपरागत उद्योग. त्यांची मराठी आपल्याला थोडी वेगळी वाटते, आपली त्यांना वाटते. पण कातरण जपून ठेवण्याची सवय दोन्हीकडे एकच. हवेचाही हातभार आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. नागपूर-मुंबईस गोधडी वर्षातून आठ महिने माळ्यावर पडते, येथे ती बाराही महिने पायथ्याशी लागते.

गोधडीला कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ म्हणतात, कानडीत कौदी. कृती सारखीच. खाली एक धड लुगडे पसरावयाचे, त्यावर विरलेल्या कापडांचे थर, वर पुन्हा लुगडे किंवा जोडलेली ठिगळे. आणि कडेपासून आरंभ करून आत आत धावदोरा घालीत मध्यापर्यंत जावयाचे. त्यामुळे टाक्यांचे एकात एक चौकोन पडतात. चांगल्या गोधडीत थर सरकत नाहीत आणि धुतल्यावर गोळे होत नाहीत. बाकी सौंदर्याचे नियम ज्याचे त्याने करावे. ह्या विद्येचा आमच्या मते सर्वांत देखणा अवतार उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागांतील सिद्दी लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बोलण्यात कोकणी, मराठी आणि कानडी यांची सरमिसळ असते. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी करतात तिला ‘कवंदी’ म्हणतात. एका कोपऱ्यापासून ठिगळ जोडत आणि शिवत त्या आत येतात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीचे लहान चौकोन बसवितात. त्यांस ‘फुला’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडीबोडकी, असा त्यांचा दंडक आहे. अमेरिकन कलेतिहासकार हेन्री ड्र्यूअल यांनी ह्या कवंद्यांचा अभ्यास करून त्या परदेशी रसिकांपुढे नेल्या. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज् बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे गाव आहे. तेथील बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या आणि मोठमोठ्या समीक्षकांनी त्यांची आधुनिक चित्रांशी तुलना केली. भिंतीवर टांगली की कला आणि अंगावर घेतली की वाकळ, हा न्याय आम्हांस उमजत नाही.

मांजराचा इतिहास ह्याहून जुना आहे. सायप्रस बेटात सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. धान्य साठले, उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले. त्याला कोणी बोलावले नव्हते. बाळंतिणीच्या खोलीशीही त्याचे नाते आहे. बाळाच्या जन्मानंतर आपल्याकडे सटवाईची पूजा होते. ती मुळातली षष्ठीदेवी, आणि बंगालकडे षष्ठीचे वाहन मांजर मानतात. नवजात बालकास पहिले दुपटे जुन्या लुगड्याचे करावे, ही रीतही दोन्ही प्रांतांत आहे. त्यांच्या कांथेचा आणि आपल्या दुपट्याचा जन्म एकाच गरजेतून झाला : नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला सोसत नाही.

परंतु गोधडी आणि मांजर यांची खरी ऐतिहासिक गाठ पडली ती प्लेगात. १८९६ साली मुंबईत, मग पुण्यात आणि १८९८ च्या ऑगस्टात बंगळूरात प्लेग आला. दाट वस्तीची पेठ सोडून लोक बाहेर पडले. त्याच धक्क्यातून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् ह्या मोकळ्या वसाहती आखल्या गेल्या, आणि बसवनगुडीच्या पुढे दक्षिणेस शहर सरकत सरकत पुढे आमच्या बनशंकरीपर्यंत पोचले. बंगळूरात प्लेगम्मेची देवळे आजही आहेत. मुंबई-पुण्याकडे त्या वेळी तपासणी पथके घरात शिरून अंथरूण-पांघरूण बाहेर काढीत आणि जाळीत. किती गोधड्या त्या होळीत गेल्या ह्याची मोजदाद कोणी केली नाही. जळाले ते चिंध्यांचे गाठोडे, असेच दप्तर म्हणणार. संशय अगदीच निराधार नव्हता, कारण पिसवा अंथरुणात राहतात. उंदरावरील पिसवेमार्फत रोग पसरतो, हे सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत सांगितले होते. १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्रयोगांनी ते सिद्ध झाले. आणि मग वऱ्हाडातून एक गमतीदार पण गंभीर सूचना पुढे आली. अमरावतीस असलेले सैनिकी वैद्यकसेवेतील डॉक्टर ब्यूकॅनन यांनी खेड्यांतील मांजरांची गणती करविली आणि जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे १९०८ च्या सुमारास मांडले. मांजर पाळा, असा त्यांचा उपाय होता. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो, हे आज आपल्याला कळते. तेव्हा उपाय निर्धोक नव्हता. तरीही सरकारी दप्तरात मांजराला शिरगणतीचा मान मिळाला तो महाराष्ट्रात, ही नोंद आपल्या अंकात असावी.

यापुढचा इतिहास जाळपोळीविना घडला, पण नासाडी अधिक झाली. नायलॉन आले, टेरिकॉट आले, १९७० नंतर पॉलिएस्टरच्या साड्या घरोघर शिरल्या. त्या विरत नाहीत. आणि जे विरत नाही त्याची गोधडी होत नाही. सुई निसटते, थर घसरतात, घाम टिपला जात नाही. नेसून मऊ झालेले सुती लुगडे आता आमच्या पिढीच्या कपाटांत शेवटचे उरले आहे. आम्ही हौसेने गोधड्या शिवतो. बंगळूरात हा छंद अनेकांस आहे. कोणी परदेशी पद्धतीने फिरत्या पात्याची कातर, आखीव चटई आणि कापसाचा तयार थर वापरून ‘लॉग केबिन’ सारखे नमुने करतात. ते सुबक असतात, आणि आम्हीही दोन केले. पण त्यासाठी दुकानातून नवे कापड आणून त्याचे तुकडे करावयाचे आणि ते पुन्हा जोडावयाचे, ह्यात आमचा हात अडखळतो.

आमच्या ह्या उद्योगाला घरातील दोन मांजरांचे साहाय्य आहे, म्हणजे त्या दोघांना तसे वाटते. कापड जमिनीवर पसरले की मनी बरोबर मध्यभागी जाऊन बसते. तिला उचलून ठेवले तर बोका येतो. पुढच्या पंजांनी ती दोघे कापड मळत राहतात. पिलू आईचे दूध पिताना तसे करते, ती सवय जन्मभर जात नाही. एक सावधगिरी मात्र शिवणाऱ्या प्रत्येकाने पाळावी. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला बाहेर टाकता येत नाही. तो आतच जातो आणि आतड्यांस काचतो, आणि दोऱ्याला सुई असेल तर विचारूच नये. म्हणून आमचा दोरा झाकणाच्या डब्यात असतो आणि उठताना सुया मोजल्या जातात.

आईच्या पश्चात तिचे इरकली लुगडे आमच्याकडे आले, तेव्हा भावंडांत दोन मते पडली. एक म्हणे, ते घडी करून तसेच ठेवावे. दुसरे म्हणे, गोधडी करावी. शेवटच्या आजारपणात मनी आईच्या पायांशी त्याच लुगड्याच्या घडीवर निजत असे, आणि आई गेल्यावर चार दिवस ती तेथून हलली नाही. ते धुण्यास कोणाचा हात होईना. ठेवलेले लुगडे घडीवर चिरते, हे आम्ही इतर कपाटांत पाहिले होते. अखेर अंगाचा भाग थरांत घातला, टोपपदर न कापता वर अखंड ठेवला, आणि कडेला आत्याच्या जुन्या खणांच्या पट्ट्या लावल्या. कोपऱ्यांवर सिद्दी बायकांचे पाहून चार फुला बसविल्या. कमी पडलेले अस्तर एका शेजारणीने दिले. तिच्या सासूची म्हैसूरकडील सुती साडी होती, आणि ती देताना तिने हिला कौदी म्हणावे अशी अट घातली. आम्ही वाकळ म्हणतो. घरातली मुले दोन्ही शब्द वापरीत नाहीत. त्यांची समजूत घालण्याचे काम चालू आहे.

गोधडीच्या पाठीमागे, तीन कोपऱ्यांत, कापड जेथून आले त्या गावांची नावे टाक्यांनी लिहिली आहेत : इरकल, गुळेदगुड्ड, म्हैसूर. चौथ्या कोपऱ्यात बनशंकरी आणि साल घालावयाचे आहे. गेले दोन आठवडे त्या कोपऱ्यावर बोका निजतो आहे.