मर्सर आयलंड : सरोवरातल्या बेटावरील निवासी वसाहती

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीत, लेक वॉशिंग्टन या गोड्या पाण्याच्या सरोवरात वसलेले बेट व त्याच नावाचे शहर. पश्चिमेस सिअ‍ॅटल, पूर्वेस बेलव्ह्यू, दक्षिणेस रेंटन. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ८ किमी., जमिनीचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौ. किमी., लोकसंख्या २५,७४८ (२०२०). सिअ‍ॅटल परिसरातील सर्वांत महागड्या निवासी शहरांत त्याची गणना होते. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन व बास्केटबॉलपटू बिल रसेल यांचे वास्तव्य येथेच होते. मात्र श्रीमंतांचे बेट एवढीच ओळख ठेवली तर बेटाची खरी रचना हाती लागत नाही. एकाच शहरात, एकाच पिनकोडखाली, इथे निदान चार प्रकारची वस्ती आहे, आणि त्यांतला फरक घराच्या किमतीपेक्षा भूगोलाने ठरतो.

वसाहतींना नावे आहेत, पण काटेकोर हद्दी नाहीत. बेटकरी बोलताना ‘नॉर्थ एंड’, ‘मिड-आयलंड’ आणि ‘साउथ एंड’ असेच सांगतात. आयलंड क्रेस्ट वे हा रस्ता माथ्यावरून, बेटाच्या कण्यावरून दक्षिणेकडे जातो. ईस्ट मर्सर वे आणि वेस्ट मर्सर वे हे दोन वळणावळणांचे रस्ते किनाऱ्याच्या वरच्या अंगाने बेटाला वेढा घालतात. हा वेढा पुरा करायला शनिवार-रविवारी सायकलस्वारांची रांग लागते. पत्ता वाचूनही जागा कळते. पूर्व-पश्चिम रस्त्यांना ‘स्ट्रीट’ आणि उत्तर-दक्षिण रस्त्यांना ‘ॲव्हेन्यू’ म्हणतात, आणि स्ट्रीटचे क्रमांक दक्षिणेकडे वाढत जातात. त्यामुळे साउथईस्ट २४ वा स्ट्रीट म्हणजे उत्तरेचा महामार्गाजवळचा भाग आणि साउथईस्ट ६८ वा स्ट्रीट म्हणजे साउथ एंड, हे नकाशा न उघडता सांगता येते.

बेटाचे नाव सिअ‍ॅटलच्या आद्य वसाहतकऱ्यांपैकी मर्सर कुटुंबावरून पडले. त्याआधी मूळ रहिवासी इथे मासेमारीला आणि रानफळे गोळा करायला येत. पण बेट रात्री पाण्यात बुडते या समजुतीने मुक्काम करीत नसत, असे स्थानिक इतिहासात नोंदलेले आहे. बेटाच्या कडेला सरोवराच्या तळाशी आजही उभी असलेली बुडालेली झाडे पाहता ही कथा पोकळ वाटत नाही. सुमारे ११०० वर्षांपूर्वी सिअ‍ॅटल प्रस्तरभंगावर मोठा भूकंप झाला आणि उतारावरची जमीन जंगलासकट पाण्यात घसरली. तो प्रस्तरभंग बेटाच्या उत्तर भागातून जातो.

वायव्य कोपऱ्यातील ईस्ट सिअ‍ॅटल ही सर्वांत जुनी वसाहत. १८८० च्या दशकाच्या अखेरीस सी. सी. कॅल्किन्स या जमीन-व्यावसायिकाने येथे भपकेबाज हॉटेल बांधून नगर वसवण्याचा घाट घातला. मंदीने त्याचा डाव मोडला आणि १९०८ मध्ये हॉटेल जळून गेले, तरी लहान भूखंडांची आखणी राहिली. म्हणूनच इथली गल्ली बेटावरच्या इतर भागांहून अधिक गावासारखी दिसते: घरे जवळजवळ, अंगणे आखूड, जुन्या लाकडी बंगल्याशेजारी नवे काचेचे घर. बोटींच्या काळात सुरू झालेले ‘रोनोक इन’ (१९१४) हे खाद्यपेयगृह थोडे उत्तरेला अजून चालू आहे. ऑगस्टमध्ये सिअ‍ॅटलच्या सीफेअर उत्सवात नौदलाच्या ‘ब्लू एंजल्स’ विमानांच्या कसरती होतात. त्या वेळी या भागातल्या प्रत्येक गच्चीवर पाहुणे जमतात.

पुढचा सगळा इतिहास पुलाचा आहे. पूर्वेच्या अरुंद खाडीवर १९२३ मध्ये लाकडी पूल झाला. पश्चिमेकडे मात्र सिअ‍ॅटलला जायला बोटच होती. सरोवर इथे खोल आणि तळ मऊ गाळाचा, त्यामुळे खांब रोवणे अवघड. २ जुलै १९४० रोजी पोकळ काँक्रीटच्या तरंगत्या पेट्यांवर बांधलेला पूल खुला झाला. पुढे त्याला लेसी मरो यांचे नाव देण्यात आले. १९४९ पर्यंत त्यावर टोल होता. टोल उठला तशी वस्ती झपाट्याने वाढली आणि १९६० मध्ये बेट शहर झाले. गंमत म्हणजे मधल्या व्यापारी भागाने त्याच वर्षी स्वतःची वेगळी नगरपालिका काढली; दोन्ही १९७० मध्ये एक झाल्या. नूतनीकरण चालू असताना २५ नोव्हेंबर १९९० रोजी वादळात हा पूल बुडाला. नवा १९९३ मध्ये उभा राहिला. शेजारचा होमर हॅडली पूल १९८९ चा.

आंतरराज्य महामार्ग ९० बेटाच्या उत्तर टोकातून आरपार जातो. तो रुंद करण्याची योजना आली तेव्हा बेटकऱ्यांनी वर्षानुवर्षे लढून १९७६ च्या करारात हवे ते मिळवले: महामार्ग खाली दाबला गेला आणि फर्स्ट हिल भागात त्यावर छत घालून उद्यान करण्यात आले. या लढ्यात पुढे असलेले माजी महापौर ऑब्रे डेव्हिस यांचे नाव आज त्या उद्यानाला आहे. खाली शेकडो ट्रक धावतात आणि वर मुले चेंडू खेळतात. नगररचनेचा अभ्यास करणाऱ्याने बेटावर एकच गोष्ट पाहायची ठरवली तर ती हीच पाहावी. फर्स्ट हिलवरची घरे आज शांत आहेत ती या करारामुळे. छत नसते तर हा भाग बेटावरचा सर्वांत नकोसा भाग ठरला असता.

फर्स्ट हिलच्या पूर्वेस टाउन सेंटर. दुकाने, बँका, दवाखाने आणि चार-पाच मजली अपार्टमेंट बेटावर मुख्यतः इथेच. लाइट रेलचे स्टेशन महामार्गाच्या मधोमध आहे, त्यामुळे गाडीविना राहायचे असेल तर हाच एक भाग. ईशान्य टोकाचे लूथर बर्बँक पार्क एके काळी वाट चुकलेल्या मुलांसाठीची निवासी शाळा होते. मुले तिथे शेती करीत, गाई पाळीत. गोठ्याचे अवशेष आणि विटांची जुनी इमारत अजून दिसतात. एक किलोमीटरहून अधिक लांबीचा सलग सार्वजनिक किनारा बेटावर दुसरीकडे नाही. त्याच्या दक्षिणेकडे, महामार्ग ओलांडून, शोअरवूडची भाड्याची घरे आहेत. मुलांना बेटाच्या नावाजलेल्या सरकारी शाळांत घालायचे आहे, पण घर विकत घेणे झेपत नाही, अशी अनेक कुटुंबे इथे येतात. पुढे मर्सरवूड, आणि मग मिड-आयलंडची सपाट पठारी वस्ती: साधी, एकमजली, १९५० आणि ६० च्या दशकांतली घरे, हायस्कूल, आणि १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या बेटाच्या जलतरणपटू मेरी वेट यांच्या नावाचा पोहण्याचा तलाव. ही जुनी घरे पाडून भूखंडभर मोठी घरे बांधण्याचा प्रकार इथे सर्वाधिक नजरेत भरतो.

साउथ एंड म्हणजे झाडी. आयलंड क्रेस्ट वे आणि ६८ वा स्ट्रीट जिथे मिळतात त्या चौकाच्या तीन कोपऱ्यांत पायोनियर पार्कचे जंगल आहे आणि चौथ्या कोपऱ्यात किराणा दुकान व छोटा बाजार. डग्लस फर आणि सीडरच्या या जंगलात पावसाळी सकाळी अंधारल्यासारखे वाटते. इथे भूखंड मोठे, रस्ते अंधारे, महामार्गाचा आवाज नाही. दक्षिण टोकावरून माउंट रेनियर दिसतो आणि रेंटनच्या कारखान्यातून नवी कोरी बोइंग ७३७ विमाने सरोवरावर झेपावताना दिसतात. पण पुलापर्यंत पोचायलाच दहा-बारा मिनिटे जातात, आणि बर्फ पडला की उतारावरच्या गल्ल्या अडकतात.

भूखंडांचा हा फरक नियमातच लिहिलेला आहे. निवासी विभागांची नावे आर-८.४, आर-९.६, आर-१२ आणि आर-१५ अशी आहेत. आकडा म्हणजे किमान भूखंड, हजार चौरस फुटांत. आपल्या हिशेबाने पावणेआठ गुंठ्यांपासून पावणेचौदा गुंठ्यांपर्यंत. बेट महाग राहिले त्यामागे सरोवराचा वाटा आहे तितकाच या नियमाचाही आहे. लहान भूखंडच नसेल तर लहान घर येणार कुठून? राज्याच्या २०२३ च्या कायद्याने बहुतेक निवासी भूखंडांवर किमान दोन घरांना परवानगी देणे शहराला भाग पाडले. बेटावर त्याला विरोध झाला. माझ्या मते तो कायदा उशिरा आला, पण योग्य आला.

सर्वांत बारकाईने समजून घ्यावा असा भाग किनाऱ्याचा. १९१६ मध्ये जहाजांच्या कालव्यासाठी सरोवराची पातळी सुमारे पावणेतीन मीटरने उतरवण्यात आली आणि बेटाभोवती नव्या जमिनीची पट्टी उघडी पडली. आजची बरीच हिरवळ त्या पट्टीवर आहे. पाण्याची पातळी सैन्याचे अभियंता दल बांधबंदिस्तीने राखते: उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात दोनएक फूट खाली. शहरांच्या सांडपाण्याने १९५० च्या दशकात सरोवर शेवाळाने गढूळ झाले होते. १९५८ मध्ये लोकांनी मतदान करून ‘मेट्रो’ संस्था उभारली आणि १९६८ पर्यंत सांडपाणी सरोवरापासून वळवले. वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या अभ्यासाचा या निर्णयात मोठा हात होता. आज धक्क्यावर बसून पाण्याचा तळ दिसतो तो त्या मतदानामुळे.

किनाऱ्याचा बहुतेक भाग खासगी आहे. मर्सर वेवरून खाली एक अरुंद खासगी गल्ली उतरते, तोंडाशी पाच-सहा टपालपेट्या ओळीने, आणि गल्लीची डागडुजी सगळ्या घरांनी वाटून करायची. नव्याने आलेल्याने हा करार आधी वाचावा. धक्का सामाईक आहे की स्वतःचा, आणि नवा बांधता येईल का, हेही पाहावे. सॅमन माशांच्या रक्षणासाठी नियम कडक आहेत. ज्यांचे घर पाण्यावर नाही त्यांच्यासाठी काही रस्त्यांच्या टोकाला ‘लँडिंग’ नावाच्या चिमुकल्या सार्वजनिक जागा आहेत: कॅल्किन्स लँडिंग, प्रॉक्टर लँडिंग, फ्रँकलिन लँडिंग. जुन्या बोटी लागत त्या या जागा. एखादे बाकडे, थोडी वाळू, गाडी लावायला जागा दोन-तीनच. दक्षिण भागातले ग्रोव्हलँड आणि क्लार्क हे किनारे त्याहून ऐसपैस.

पाणी सिअ‍ॅटलच्या यंत्रणेकडून नळाने येते. भूकंपात तो नळ तुटला तर काय, या चिंतेतून शहराने आणीबाणीची विहीर खोदली आहे. चिंता रास्त आहे. भूकंप नसतानाही किनाऱ्यावरच्या घळी जोराच्या पावसात घसरतात.

रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टमुळे सरोवराच्या पूर्वेला बेलव्ह्यू, रेडमंड आणि सामामिश भागांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी कोणी बेटावर घर पाहायला निघाले तर उन्हाळ्यातल्या एका फेरीवर भुलू नये. नोव्हेंबरच्या पावसात पुन्हा जावे, मर्सर वेवरून पाण्यापर्यंत पायी उतरून परत चढून पाहावे, आणि भूखंड दरडीच्या धोक्याच्या पट्ट्यात येतो का, हे शहराच्या नकाशावर आधी तपासावे.