इंग्रजी 'लीव्ह' : एक उच्चार, दोन कुळे

इंग्रजीतील 'लीव्ह' हे क्रियापद आज निघून जाणे या अर्थी रूढ असले, तरी त्याचा मूळ अर्थ जवळजवळ उलट होता. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप 'लॅव्हन' असे होते आणि त्याचा अर्थ 'राहू देणे, मागे ठेवणे' असा होता. राहणे या अर्थाच्या धातूचे ते प्रयोजक रूप होय. जर्मन 'ब्लायबेन' (राहणे) हे त्याच धातूपासून आले असून तेथे जुना अर्थ अद्याप शाबूत आहे. इंग्रजीतही वडिलांनी मृत्युपत्राने मुलास घर ठेवले असे सांगावयाचे झाल्यास 'लीव्ह' हेच क्रियापद योजतात. पुढे मागे राहणाऱ्या वस्तूवरील भर निघणाऱ्या माणसावर गेला व मध्ययुगीन इंग्रजीत प्रस्थानाचा अर्थ रुळला.

हा धातू संस्कृत 'लिप्' याचा सगोत्र मानतात. मराठीतील लेप, लिंपणे हे शब्द त्याच कुळातले. चिकटणे, चिकटून राहणे आणि मग नुसते राहणे, असा हा अर्थक्रम दिसतो. ग्रीक 'लेइपेइन' म्हणजेही सोडणे. परंतु उच्चार व अर्थ जुळले म्हणून दोहोंचे नाते जोडणे चुकीचे ठरेल. ग्रीक शब्दातील पकार मूळच्या ओष्ठ्यरंजित ककारापासून आलेला आहे. त्याचे संस्कृत भावंड 'रिच्' (ज्यावरून 'रिक्त') हे असून इंग्रजीतील खरे आप्त 'लोन', म्हणजे कर्ज, हे आहे! ध्वनिनियमांवाचून केलेली व्युत्पत्ती किती फसवी असते, याचा याहून चांगला दाखला क्वचितच मिळेल.

रजा या अर्थाचे 'लीव्ह' हे नाम तर या क्रियापदापासून आलेलेच नाही. त्याचा मूळ अर्थ अनुज्ञा. त्याचा धातू संस्कृत 'लुभ्' याचा सगोत्र असून इंग्रजी 'लव्ह' हा शब्दही त्याच घराण्यातला. संस्कृतने प् आणि भ् वेगळे राखले. इंग्रजीत या दोन्ही शब्दांत त्यांचा 'व्ह' झाला आणि भेद पुसला गेला. यजमानाचा 'लीव्ह' घेणे म्हणजे मुळात जाण्याची अनुमती घेणे. पुढे त्यालाच निरोपाचा अर्थ आला. जर्मन 'उरलाउब' याचाही अर्थ प्रथम अनुमती होता, आता सुट्टी आहे. मराठी 'रजा' हा शब्दही असाच चालला आहे. अरबी 'रिझा' म्हणजे संतोष, संमती. फारसीच्या द्वारे तो मराठीत आला आणि निरोप व कचेरीतील सुट्टी असे दोन्ही अर्थ पावला.

झाडाच्या पानाचा 'लीफ' मात्र तिसऱ्याच कुळातला असून या दोहोंशी त्याचा संबंध नाही.