कलम: लेखणीचे आणि रोपाचे

मराठीत ‘कलम’ म्हटले की तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. कायद्याचे कलम, आंब्याचे कलम आणि थोडे जुन्या वळणाचे वाचक असतील तर लेखणी. उर्दूतही कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे छाटून लावलेली फांदी. शब्द अरबी आहे. कुरआनच्या ६८ व्या सूरेचे नावच ‘अल-कलम’ आहे. बोरूची लेखणी तिरकी छाटायची आणि रोपाची काडीही तिरकीच छाटायची, म्हणून एकाच शब्दाने दोन्ही कामे सांभाळली असावीत, असे मी मुलांना सांगतो. मुलांना ते पटते, कारण ब्लेडने पेन्सिल तासणारी पिढी अजून पूर्ण संपलेली नाही.

पण ही दोन कलमे आपण एका पातळीवर धरत नाही. लेखणी धरणारा शिकलेला आणि झाडाचे कलम बांधणारा गडी. आमच्या रांजणगावात एमआयडीसी आल्यापासून यात भर पडली. कंपनीत चिकटला तो पुढे गेला, मातीत राहिला तो मागे. माझ्या एका विद्यार्थ्याला उद्यानविद्येच्या पदविकेला जायचे होते. घरचे आडनाव बागवान. वडिलांचा फळांचा गाडा. ते मला म्हणाले, “सर, झाडांना पाणी घालायला कॉलेज कशाला लागतं?” बागवान आडनावाच्या माणसाने हा प्रश्न विचारावा, हे माझ्या मनातून जाईना. बागवान म्हणजे बाग राखणारा, बाग जोपासणारा. फारसीतला हा शब्द आणि आपला ‘माळी’ यांचा अर्थ एकच. आज महाराष्ट्रातला बागवान समाज बहुतेक ठिकाणी फळे-भाजी विकताना दिसतो. बाग हातातून गेली, नाव तेवढे राहिले. हा लेख त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहितो आहे. तोंडी उत्तर नीट देता येत नाही, मध्येच गिऱ्हाईक येते.

रांजणगाव पुणे-नगर रस्त्यावर आहे. या रस्त्याच्या दोन टोकांना दोन बागा आहेत आणि दोन्ही बागांमागे परमुलखात शिकलेल्या हातांची कहाणी आहे.

पूर्वेचे टोक आधी घेऊ. नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बाहेर फराहबाग आहे. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली. मोठ्या चौकोनी तलावाच्या मध्यभागी अष्टकोनी महाल आणि भोवती बाग, अशी ती रचना होती. पहिले बांधकाम मुर्तझा निजामशहाला पसंत पडले नाही, म्हणून ते मोडून पुन्हा उभारले आणि सलाबतखानाने ते पुरे केले. आज तिथे महालाचे अवशेष आहेत, पण बाग नाही. पाणी दुरून खापरी नळांनी आणलेले होते. बागेची खरी विद्या फुलांत नसते, पाण्यात असते, हे तिथे उभे राहिले की कळते. पाऊस कमी, उन्हाळा कडक आणि जमिनीखालून पाणी आणण्याची युक्ती: नगरच्या परिस्थितीला इराणची विद्या बरोबर बसली. औरंगाबादची नहर मलिक अंबरची. तो मूळचा हबशी, बगदादच्या बाजारात विकला गेला, तिथल्या मालकाने त्याला शिकवले आणि मग तो दख्खनमध्ये आला. त्याने पाण्याची विद्या नेमकी कुठे पाहिली याची वही काही त्याने ठेवली नाही. पण भूमिगत पाण्याचे जाळे त्याच्या शहरात उभे राहिले, एवढे खरे.

बागेची विद्या पुस्तकापेक्षा माणसांबरोबर प्रवास करते, याचा उत्तम दाखला म्हणजे हेरात शहर. १५१५ मध्ये तिथे कासिम बिन यूसुफ याने ‘इर्शाद-उल-जिराआ’ हा शेतीवरचा ग्रंथ फारसीत लिहिला. कोणत्या जमिनीत काय पेरावे इथपासून सुरू होऊन त्याचा शेवट चारबागेच्या आखणीवर होतो. कोणती झाडे कडेला, कोणती फुले कुठल्या वाफ्यात, पाणी कुठून कुठे, सगळे त्यात आहे. याच हेरातच्या बागांत तयार झालेला मीरक सय्यद गियास पुढे बाबराकडे हिंदुस्थानात आला, बुखाऱ्यालाही काम करून आला आणि दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याचे काम त्याच्याच घराण्याकडे आले. बापाने सुरू केले, मुलाने पुरे केले. आपण तो मकबरा पाहायला जातो तेव्हा घुमटाकडे बघतो. त्याच्या भोवतीच्या चार भागांत विभागलेल्या बागेकडे, त्यातल्या पाटांकडे कमी जण बघतात.

बाबर स्वतः १५०६ मध्ये हेरातला गेला आणि त्याने तिथल्या बागा हिंडून पाहिल्या. नंतर काबूलकडच्या आपल्या बाग-ए-वफामध्ये त्याने केळी आणि ऊस लावून पाहिला. हिंदुस्थानात आल्यावर त्याची मोठी तक्रार वाहत्या पाण्याची होती. आग्र्याला यमुनेपलीकडे त्याने आणि त्याच्या सरदारांनी बागा केल्या आणि लोक त्या बाजूला गमतीने काबूल म्हणू लागले. या सगळ्यात मला आवडतो तो एक साधा माणूस. बाबराने बल्खचा एक खरबूज पिकवणारा आग्र्याच्या बागेत कामाला ठेवला होता. १५२९ च्या उन्हाळ्यात त्याने खरबुजे पिकवून आणली आणि ती चांगली निघाली म्हणून बादशहाने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. नाव नोंदले ते बल्खी एवढेच, म्हणजे गावावरून. बादशहाला खरबूज किती प्रिय, ते पिकवणाऱ्याचे नाव किती लहान!

आता पश्चिमेचे टोक, म्हणजे पुणे. एकोणिसाव्या शतकात जगातल्या बागकामाची सर्वांत मोठी शाळा लंडनजवळचे क्यू उद्यान होती. तिथे तरुण माळी शिकायला घेत. त्यांना दिवसभर काम करावे लागे: काचगृहात कुंड्या बदलणे, रोपे करणे, वाफे खणणे. ओल्या फरशीवर चालायचे म्हणून लाकडी तळाचे बूट असत. क्यूमध्ये पुढे ते बूट आणि एप्रन घालून धावण्याची शर्यतच होऊ लागली. संध्याकाळी वनस्पतिशास्त्राची व्याख्याने. काही महिने एका विभागात काढले की दुसऱ्या विभागात, अशी फिरती. दोनेक वर्षांनी तो माणूस साम्राज्यातल्या कुठल्याही बागेत जायला तयार. आपल्या जुन्या उस्ताद-शागिर्द पद्धतीला हजेरीपट आणि प्रमाणपत्र जोडले की जे होईल, ते क्यू. मी बीएड केलेला माणूस आहे, अध्यापन पद्धतींची नावे मला पाठ आहेत. पण हात आणि डोके एकत्र शिकवण्याचा याहून सरळ नमुना मी वाचलेला नाही.

क्यूमध्ये तयार झालेला जॉर्ज मार्शल वुड्रो १८७० च्या दशकात पुण्यात आला आणि गणेशखिंडीच्या नव्या वनस्पती उद्यानाची जबाबदारी त्याच्याकडे आली. पुढे तो कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्रही शिकवू लागला. म्हणजे कुंड्या बदललेला माणूस प्राध्यापकाच्या खुर्चीत बसला. हिंदुस्थानातल्या बागकामावर त्याने पुस्तक लिहिले, ते वाढत वाढत अनेक आवृत्त्यांत गेले. आंब्याच्या जातींवरही १९०४ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. गणेशखिंडीत त्या काळच्या आंब्याच्या कलमांची परंपरा आहे. हापूस हे नाव पोर्तुगीज, कलम हा शब्द अरबी, बागेचा प्रमुख स्कॉटिश, आणि झाड इथलेच. कुणी मला ‘परका’ शब्दाचा अर्थ विचारला तर मी त्याला या झाडाखाली नेऊन उभे करीन. जाता जाता सांगतो, आमच्या जिल्ह्याला ज्याचा अभिमान आहे त्या पुरंदरच्या अंजिराचे नावही फारसीच आहे. बाग, बागायत, जमीन, हौद, गुलाब, जर्दाळू, खरबूज, हे शब्द शेतातून काढून टाकले तर शेतकऱ्याला बोलताच येणार नाही.

मराठी मुलखाच्या कहाणीत दुसरा माणूस येतो तो बडोद्याच्या वाटेने. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा सयाजीराव गायकवाड गादीवर आला आणि त्याने जगभरातून माणसे वेचली. त्यात गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल होता. १८६५ मध्ये ड्रेस्डेनजवळ जन्मलेला हा जर्मन पिल्निट्झच्या राजबागेत शिकला, मग इंग्लंडला गेला, लंडनच्या हाइड पार्कमध्ये फुलांच्या वाफ्यांवर राबला आणि क्यूमध्ये लागला. १८९३ मध्ये तो बडोद्याला आला. पंधरा वर्षांनी, १९०८ मध्ये, म्हैसूर संस्थानाने त्याला बेंगळुरूच्या लालबागेवर नेले. महायुद्धांत इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटकेत ठेवले, तरी तो परत आला आणि १९५६ मध्ये बेंगळुरूतच वारला.

आणि लालबाग कुणाची? १७६० च्या सुमारास हैदर अलीने सुरू केलेली. सिऱ्याची मोगली धाटणीची बाग त्याच्यासमोर होती, असे सांगतात. टिपूने त्यात बाहेरच्या देशांतून आणवलेली झाडे लावली. ज्या बेंगळुरूची जहागीर त्याआधी शंभर वर्षांवर शहाजीराजांकडे होती, तेच हे शहर. टिपू पडल्यावर बाग इंग्रजांकडे गेली, मग क्यूची माणसे आली. तिची सूत्रे भारतीय माणसाकडे यायला १९३२ उजाडले. एच. सी. जवराया यांनी क्रुम्बिगेलकडून कार्यभार घेतला. तेही क्यूमध्ये शिकून आलेले. त्यांच्यानंतर एम. एच. मरीगौडा आले. त्यांनी क्यूमध्ये काम केले, हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली आणि कर्नाटकात फलोत्पादनाचे खातेच उभे केले. झाडांना पाणी घालायला हार्वर्ड कशाला, असे त्यांच्या घरी कुणी विचारले असेल का?

आमच्या पुण्यात मात्र वेगळे घडले. माणसे क्यूहून इकडे आली, आणि इथून तिकडे गेली ती वाळवलेली रोपे. थिओडोर कुक हे कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. निवृत्तीनंतर त्यांनी क्यूमध्ये बसून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. कुठले झाड कुठे सापडले आणि कुणी आणले, हे त्यात प्रत्येक ठिकाणी आहे. त्यात कानिटकर येतात, गराडे येतात, रानडे येतात. रानड्यांचे नाव तर एका दुर्मिळ झुडपालाच मिळाले. आंबा घाटातल्या त्या सोनघंटेला वुड्रो आणि श्टाप्फ यांनी ‘अब्युटिलॉन रानडेई’ म्हटले. सह्याद्रीच्या कड्यांवर अजून ते तग धरून आहे.

तो विद्यार्थी या जूनमध्ये पदविकेला गेला. वडील पूर्ण राजी नाहीत. “दोन वर्षं बघू,” म्हणाले. गणेशखिंडीची बाग आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली आहे. फुल्यांच्या घराण्याला ते आडनाव पेशव्यांना फुले पुरवण्यावरून मिळाले, हे मी वडिलांना सांगितले. तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, “म्हणजे तेही आमच्यातलेच की!” पोराला सुट्टीत गणेशखिंडीत घेऊन जाणार आहे. तिथल्या जुन्या आंब्यांच्या सावलीत बसून त्याला कुकच्या ग्रंथातले आणखी एक नाव दाखवायचे आहे. कानिटकर, गराडे यांच्या ओळीत ते पुन्हा पुन्हा येते. त्याला आडनाव नाही, हुद्दा नाही. डोंगरदऱ्यांतून रोपे शोधून आणणाऱ्या त्या माणसाचे नाव इंग्रज साहेबाने जसे हाक मारतात तसेच छापले आहे: भिवा.