प्रत्यारोपणानंतरचे घर : एक दुर्लक्षित इतिहास

#थ्रेड

१/ तुमसरहून सिहोऱ्यामार्गे जाणारा रस्ता बपेरा येथे महाराष्ट्राच्या सीमेला भिडतो. पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या या गावापासून नागपूर शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. अवयव प्रत्यारोपणाचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियागृहातून सांगितला जातो. अशा गावातील घराच्या उंबरठ्यावरून तो वाचला, तर निराळा दिसतो.

२/ शस्त्रक्रिया एका दिवसाची असते. अवयव मिळालेले लहान मूल वाढवणे हे मात्र वर्षानुवर्षांचे काम. गेल्या सत्तर वर्षांत वैद्यकाने टाकलेल्या जवळजवळ प्रत्येक पावलाबरोबर या कामात एका नव्या जबाबदारीची भर पडली आणि ती कुटुंबाच्या पदरी आली. त्या जबाबदाऱ्यांचा हा क्रम.

३/ आरंभ एका आईपासून होतो. डिसेंबर १९५२, पॅरिसचे नेकेर रुग्णालय. उंचावरून पडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचे जखमी मूत्रपिंड काढून टाकावे लागले आणि त्याला जन्मतः एकच मूत्रपिंड होते हे नंतर उघड झाले. आईने स्वतःचे मूत्रपिंड देऊ केले. नाताळच्या रात्री ते बसवण्यात आले आणि सुमारे तीन आठवडे त्याने काम केले. नंतर मुलाच्या शरीराने ते नाकारले.

४/ आईचा अवयवही शरीराला परका वाटतो, हा कठोर धडा होता. १९५४ मध्ये बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. शरीराला परके न वाटणारे नाते ते एवढेच. इतर सर्व नात्यांसाठी प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध हवे होते.

५/ १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी माणसातील पहिले यकृत प्रत्यारोपण केले. रुग्ण तीन वर्षांचे बालक होते आणि ते शस्त्रक्रियेतच दगावले. १९६७ मध्ये त्यांच्याच हातून एकोणीस महिन्यांच्या मुलीवर झालेली शस्त्रक्रिया यशस्वी ठरली. ती वर्षाहून अधिक काळ जगली. या काळात आईवडिलांच्या वाट्याला दोनच गोष्टी होत्या : संमती देणे आणि वाट पाहणे.

६/ डेन्व्हरच्या त्या पहिल्या बालकाला बिलिअरी अट्रेसिया होता. यात यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नलिका बंद होतात. बालकांच्या यकृत प्रत्यारोपणाचे आजही हे प्रमुख कारण आहे. जपानचे मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर एक शस्त्रक्रिया शोधली. ती शक्यतो जन्मानंतरच्या साठ दिवसांत व्हावी लागते. त्यामुळे रोग वेळेत ओळखण्याचे काम घराकडे आले.

७/ दोन आठवड्यांनंतरही न ओसरणारी कावीळ आणि बाळाची पांढुरकी, मातकट शी ही त्याची लक्षणे. तैवानने २००४ पासून बालआरोग्य पुस्तिकेतच शीच्या रंगांचे कार्ड देण्यास सुरुवात केली, म्हणजे पहिली तपासणी आईच्या नजरेवर सोपवली. जेथे कावीळ ‘उतरवून’ घेण्याची रीत आहे, तेथे या साठ दिवसांचे मोल अधिकच. उतारा आणि झाडपाला करण्यात गेलेले आठवडे परत येत नाहीत.

८/ पुढचे वळण औषधांचे. अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला १९८३ मध्ये मान्यता मिळाली, टॅक्रोलिमसला १९९४ मध्ये. दोन्ही औषधे मातीतील सूक्ष्मजीवांपासून मिळाली. त्यांच्यामुळे मुले जगू लागली आणि घरात घड्याळाचे राज्य आले. मात्रा दर बारा तासांनी, ठरल्या वेळी. औषध कमी पडले तर शरीर अवयव नाकारू लागते. अधिक झाले तर मूत्रपिंडांना इजा होते.

९/ औषधाची रक्तातील पातळी सकाळची मात्रा देण्यापूर्वी मोजतात. पपनस आणि चकोतरा वर्ज्य, कारण ते औषधाची पातळी वाढवतात. नागपुरी संत्र्याला सहसा मनाई नसते. पाणी उकळलेले, अन्न ताजे. देवीच्या प्रसादापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत प्रत्येक घासाचा विचार करावा लागतो, आणि ‘एवढ्याने काय होते?’ या आप्तांच्या प्रश्नाला न चिडता उत्तर द्यावे लागते.

१०/ घरातील इतर मुलेही यात ओढली जातात. गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी प्रत्यारोपणानंतर सहसा टाळतात. म्हणून शक्य तेवढ्या लसी आधीच दिल्या जातात आणि पुढे भावंडांचे लसीकरण हेच त्या मुलाचे कवच ठरते. थोरल्या बहिणीच्या साध्या सर्दीचीही घरात वेगळी दखल घेतली जाते. लक्ष धाकट्याकडे वळते. थोरलीची तक्रार बहुधा न बोललेलीच राहते.

११/ १९८९ मध्ये ब्रिस्बेन येथे एका जपानी मातेच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला बसवण्यात आला. यकृत पुन्हा वाढते, म्हणून हे शक्य झाले. जिवंत दात्याकडून बालकाला झालेले हे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण. यामुळे आता पालक दाताही झाला. मूल आणि आई (किंवा वडील) एकाच दिवशी दोन खाटांवर. मग शुश्रूषा कोणी करायची, कमाई कोणी आणायची? आजी, मावशी, काका यांच्यावाचून ही शस्त्रक्रिया तडीस जात नाही.

१२/ भारतात हा टप्पा नोव्हेंबर १९९८ मध्ये आला. कांचीपुरमच्या वीस महिन्यांच्या मुलाला दिल्लीत त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला. देशातील बालकाचे हे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण. त्यापूर्वी चारच वर्षे मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत झाला होता. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

१३/ अवयवांचा बाजार रोखणे हा या कायद्याचा हेतू. त्यासाठी त्याने ‘जवळचे नातेवाईक’ कोण हे ठरवले : पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे. एकत्र कुटुंबात नातवंडे वाढवणारी आजी या यादीत नव्हती. आजी-आजोबा २०११ च्या दुरुस्तीने आत आले. काका-मावशी आजही बाहेर आहेत. त्यांना अवयव द्यायचा तर समितीपुढे जावे लागते. एक गोष्ट मात्र कोणत्याही कलमात लिहिलेली नाही : भारतात अवयव देणाऱ्या जिवंत दात्यांत स्त्रिया पुष्कळ अधिक आहेत आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष.

१४/ हृदय मात्र कोणताही नातेवाईक देऊ शकत नाही. तेथे घराला दुसऱ्या घराच्या निर्णयाची वाट पाहावी लागते. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतच्या चौदा महिन्यांच्या बाळाचे हृदय मुलुंड येथे नवी मुंबईच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला मिळाले. मेंदूमृत बाळाच्या आईवडिलांनी शोकाच्या त्या घटकेत ‘हो’ म्हटले, म्हणून ते घडले. अशा मुलीच्या घरात आनंदाबरोबर एक अनोळखी पाळणाही कायमचा वस्तीला येतो.

१५/ आता हे सारे बपेऱ्यासारख्या गावाच्या अंतराने मोजावे. औषधाची पातळी तपासण्यासाठी नागपूर गाठायचे, तर सकाळची मात्रा पिशवीत ठेवून अंधारातच निघावे लागेल. रोवणीच्या दिवसांत एक फेरी म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडणे. राज्याच्या जीवनदायी योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपयांची मर्यादा ठेवली गेली होती. मुक्काम आणि बुडालेला रोज यांचे कलम अशा योजनांत नसते. औषधे तर आयुष्यभराची.

१६/ सर्वांत नाजूक टप्पा उशिरा येतो. पौगंडावस्थेत मात्रा चुकवल्याने अवयव गमावण्याचा धोका वाढतो, असा जगभरचा अनुभव आहे. आईने वर्षानुवर्षे सांभाळलेले घड्याळ मुलाच्या हाती द्यायचे असते. फार लवकर दिले तर धोका, कधीच दिले नाही तरी धोका. हे शिकवणारा विभाग क्वचितच एखाद्या रुग्णालयात असतो. ते घरातच शिकावे लागते.

१७/ कांचीपुरमचा तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. इतिहासात नोंद १९९८ च्या शस्त्रक्रियेची आहे; त्यानंतरच्या हजारो सकाळ-संध्याकाळच्या मात्रांची नोंद कोठेही नाही. धान पिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. पऱ्हे उपटून बांधीत रोवले म्हणजे काम संपले, असे रोवणी करणारी कोणतीही बाई म्हणणार नाही. पीक उभे राहते ते त्यानंतरच्या राखणीवर.

(समाप्त)