सव्वादोन तोळे शिसे

शिकारी बंदुकीचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. नवी गोळी जुनीपेक्षा जोरात धावते, आणि तीच प्रगती, असे त्यात गृहीत धरलेले असते. त्यामुळे एका जड, संथ, हाताने ओतलेल्या गोळीकडे दुर्लक्ष होते. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरचे बायसनचे शेवटचे मोठे कळप १८७१ ते १८८३ या अवघ्या बारा वर्षांत नाहीसे झाले. त्या कातडीच्या धंद्यातल्या शिकाऱ्यांच्या हाती हीच गोळी होती.

मला जुन्या वजनमापांच्या कोष्टकांचा नाद आहे, आणि या विषयाकडे मी त्याच वाटेने आलो. गोळी आणि दारू ग्रेनमध्ये मोजतात. इंग्रजी अमलात आपला तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि रुपयाचे नाणेही तेवढ्याच वजनाचे होते. अमेरिकन सैन्याने १८७३ साली स्वीकारलेल्या काडतुसाची गोळी होती ४०५ ग्रेनची, म्हणजे बरोबर सव्वादोन तोळे. तिच्यामागे काळी दारू ७० ग्रेन, म्हणजे सुमारे पावणेपाच मासे. सैन्यासाठी झालेले हे काडतूस शिकाऱ्यांनीही उचलले. शार्प्स कंपनीच्या बंदुकांतून याहून जड गोळ्याही सुटत.

या गोळीचा वेग सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास, आजच्या शिकारी रायफलीच्या निम्मा. तो वाढवणे सोपे नव्हते. काळ्या दारूचा जोर मर्यादित, आणि मऊ शिसे फार जोरात रेटले तर नळीतल्या पिळाच्या आट्यांना धरून न फिरता घासत जाते, नळीत शिशाचा थर बसतो आणि नेम बिघडतो. तेव्हा वेगाची उणीव वजनाने भरून काढली गेली. जड गोळी वाटेत आपला वेग सहज सोडत नाही, आणि अंगात शिरली की फुटून न जाता सरळ खोल जाते. नऊशे किलोच्या बैलाची फुप्फुसे गाठायला ते पुरे होते.

आता ही गोळी करायची कशी ते पाहू. शिसे ३२७ अंशांना वितळते. त्यासाठी भट्टी लागत नाही, शेकोटी पुरते. सोळा ते वीस भाग शिशात एक भाग कथील मिसळले की ते थोडे कठीण होते आणि साच्यात नीट भरते. पळीने रस ओतायचा, गार झाल्यावर साचा उघडायचा, गोळीला मेण-चरबी लावायची. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नाही. जुनी केप काढून नवी बसवायची, दारू मोजून भरायची, वर गोळी. कोकणात ज्यांनी ठासणीच्या बंदुकीत बार भरताना पाहिला आहे, त्यांना हा हिशेबीपणा परका वाटणार नाही. कारखान्यातली तयार काडतुसे महाग पडत. शिशाच्या लगडी आणि दारूचे पिंप गाडीत टाकले की शिकारी महिनोन्महिने मैदानात राहू शके.

बंदूक पाच ते सात किलोची. वाऱ्याच्या खालच्या बाजूला, दोन-तीनशे यार्डांवर दडून शिकारी एकेक जनावर टिपी. फुप्फुसात गोळी बसलेले जनावर पुष्कळदा धावत सुटत नसे. उभे राही, मग कोसळे. शेजारचे चरत राहात. कळप उधळला नाही, तर नळी तापेपर्यंत काम चाले.

मागणी होती चामड्याची. १८७१च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून यंत्रांचे पट्टे करता येऊ लागले, १८७२ साली रेल्वे डॉज सिटीला पोचली, आणि मैदान थेट कारखान्याला जोडले गेले. ज्या आदिवासी जमातींचे अन्न, वस्त्र आणि निवारा या जनावरावर अवलंबून होते, त्यांचे जगणेच त्याबरोबर मोडले.

१८८६ साली विल्यम हॉर्नडे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी नमुने गोळा करायला मॉन्टानात गेला. दहा वर्षांपूर्वी हाच माणूस निलगिरी-अन्नामलाईच्या जंगलांत नमुन्यांसाठी हिंडला होता. मॉन्टानात मारलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ बैलाच्या अंगात त्याला जुन्या गोळ्या आढळल्या. १८८९च्या आरंभी त्याने केलेल्या मोजदादीत पाळीव आणि रानटी मिळून १,०९१ बायसन उरले होते.

आज अमेरिकेत काही शिकारी अशीच जड, संथ गोळी हौसेने घरी ओततात. तिने मांस कमी नासते, आणि जनावराच्या जवळ जावे लागत असल्याने संयम अंगी येतो, असे ते सांगतात. त्यात तथ्य आहे. पण १८७०च्या दशकातल्या शिकाऱ्यापाशीही संयम होता, काटकसर होती, स्वतःच्या हातचे कसब होते. बायसनचा संहार आपण रेल्वे आणि कारखान्यांच्या खात्यावर मांडतो, तो योग्यच. मात्र त्या खात्यात शेकोटीवरची पळीही लिहायला हवी. कातड्यामागे पैसे मोजणारे गिऱ्हाईक उभे होते, आणि तोवर संथ गोळीने कत्तल संथ झाली नाही.