नऊ इंचांची भिंत

गेल्या वैशाखात आमच्या बारामतीच्या घरी एका रात्री आत्या चक्कर येऊन पडली. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी नाडी पाहिली, सलाईन लावले आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, औषधापेक्षा यांची खोली रात्री गार राहील असं बघा. दुसऱ्यांदा हे झालं तर सांगता येत नाही."

मी नोकरीनिमित्त इंदापूरला असतो. आत्याला तिकडे घेऊन जावे, तर ती उंबरठा सोडावयास तयार नाही. तेव्हा खोली गार करणे आले, आणि त्यासाठी भिंतीत बसवावयाचे वातानुकूलन यंत्र निवडणे आले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या शाळामास्तराने यंत्राच्या दुकानाची पायरी चढावी हा प्रसंग हास्यास्पद खरा; परंतु त्या पायरीवरून मला आपल्या गारव्याचा जो इतिहास दिसला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. सह्याद्री ओलांडून येणारा पाऊस बारामतीपाशी येईतो दमतो आणि इंदापुरात तर नावापुरता उरतो. 1876 ते 78च्या दुष्काळात माणसे जगविण्यासाठी जी कामे निघाली, त्यांत नीरेच्या डाव्या कालव्याचे काम होते. पुढे त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि वालचंदनगरसारखी कारखान्याची वसाहत वसली. पण कालव्याने जमीन भिजली, तरी उन्हाळा काही भिजला नाही. मालोजीराजांची गढी ज्या गावात आहे, त्या इंदापुरात मे महिन्यातल्या दुपारी कावळासुद्धा बोलत नाही.

अशा मुलुखात माणसे राहिली कशी? उत्तर आमच्या घराच्या दर्शनी भिंतीत आहे. खाली दगड, वर माती आणि चुना. जाडी सव्वादोन फूट. दुपारचे ऊन अशा भिंतीत शिरते, पण आतल्या अंगाला पोहोचावयास त्याला रात्र होते. आणि रात्री माणसे घरात नसतातच, ती अंगणात बाजा टाकून झोपतात. वर धाब्याचे मातीचे छप्पर, मध्ये चौक. कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी (1729–1794) जी अफाट काव्यरचना केली, ती अशाच जाड भिंतींच्या गावात. जाड भिंत, मातीचे छप्पर आणि उघडे अंगण हे तिन्ही मिळून एक यंत्र होते. त्याला वीज लागत नव्हती आणि त्याचा शेजाऱ्याला उपद्रव नव्हता.

याहून अधिक गारवा ज्यांना हवा होता, त्यांना तो दुसऱ्याकडून घ्यावा लागे. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करीत, हे आईन-इ-अकबरीत नमूद आहे. ती सुरई फिरवावयास माणूस लागे. वाळ्याच्या ताट्या दारांना लावल्या, की त्यांवर पाणी मारणारा माणूस उन्हात उभा. साहेबाच्या कचेरीत झालरीचा पंखा हले, त्याची दोरी बाहेर ओसरीत बसलेल्या पंखेवाल्याच्या हातात, कधी पायाच्या अंगठ्याला असे. 1833 साली अमेरिकेतल्या बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्यास आला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईस. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेला तो बर्फ साहेब आणि शेठ यांच्या पेल्यांत विरघळला. गारवा कोणाला आणि घाम कोणाला, हा हिशेब पूर्वीपासूनच चालत आला आहे.

बर्फाची ही आठवण दुकानात निघाली. दुकानदाराने विचारले, "किती टनाचं देऊ?" माझ्या डोळ्यांपुढे उसाची बैलगाडी आली. यंत्र तर दोघांनी उचलावे एवढे! मागाहून वाचून कळले, की हा टन वजनाचा नव्हे, बर्फाचा. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून काढणारे यंत्र ते एक टनाचे. बर्फाची जहाजे केव्हाच बंद झाली. माप तेवढे राहिले.

दुसरी गोष्ट तर छापील अक्षरावर जगणाऱ्याला विशेष गोड वाटावी अशी. 1902 साली विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली, ती माणसासाठी नव्हे, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगे, आक्रसे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जागा सोडीत. आधी कागदाची सोय झाली, माणसाची मागाहून. खिडकीत बसणारी यंत्रे 1930च्या दशकात अमेरिकेत निघाली. आपल्याकडे ब्लू स्टार 1943ची, तर व्होल्टास 1954ची. दिव्याच्या बिलाला भिणाऱ्या आमच्यासारख्यांची सोय 2006नंतर झाली. तेव्हापासून यंत्रावर ताऱ्यांची चिठ्ठी येऊ लागली. जितके तारे अधिक, तितकी वीज कमी.

आता निवड. पाण्याचा कूलर आमच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतो. पण वळवाचा पाऊस पडून हवा दमट झाली, की तो नुसता ओल ओकतो, आणि आत्याला दमा. दोन तुकड्यांचे यंत्र घ्यावे, तर त्याचा बाहेरचा भाग टांगावयाचा कोठे, कारण जुन्या मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. राहिले भिंतीतून आरपार बसणारे. खास भिंतीसाठी घडविलेल्या यंत्राची हवा केवळ पाठीमागून येते-जाते, म्हणून ते पत्र्याच्या पेटीत घालून भिंतीत सरकविता येते. ते आमच्या दुकानात नव्हते, होते खिडकीचे. खिडकीच्या यंत्राला कुशीला झडपा असतात. त्या बाहेर मोकळ्या राहिल्या पाहिजेत, नाही तर यंत्र गुदमरते. सव्वादोन फुटांच्या भिंतीत ते बसविणे म्हणजे त्याचे नाक दाबणे होय. गवंड्याने टेप लावला आणि मान हलविली. म्हणाला, "ह्या भितीत न्हाई मास्तर. त्या भितीत हुईल."

'ती भिंत' म्हणजे वाटणीची भिंत. तीस वर्षांपूर्वी वडील आणि चुलते वेगळे झाले, तेव्हा घाईने घातलेली नऊ इंची विटांची भिंत. माडी पडल्यावर आम्ही आमच्या बाजूला पत्रे घातले. अंगण चुलत्यांकडे गेले. म्हणजे ते जुने यंत्रही आम्ही वाटून घेतले होते. भिंत आम्हांला, अंगण त्यांना आणि छप्पर कोणालाच नाही. पत्र्याखाली आत्या भाजत होती, याचे मूळ वैशाखात नव्हते, त्या वाटणीत होते.

नऊ इंचांत यंत्र नेमके बसणार होते. परंतु त्याची पाठ तात्यांच्या अंगणात निघणार होती. तात्या म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. तीस वर्षांत आमचे बोलणे लग्नाच्या आमंत्रणापुरते. मी आत्याला सांगितले, "भिंत आपलीही आहे. भोक पाडू, बघू काय म्हणतात ते."

आत्या उशीवरून म्हणाली, "आरं, खोलीतली आच जाती कुठं?"

"बाहेर."

"बाहेर म्हंजी त्याच्याच दारात न्हवं? अन् मी गार पडून ऱ्हाऊ? त्याला जाऊन इचार आदी."

आत्या शाळेत गेलेली नाही, पण शास्त्र तिने बरोबर धरले होते. यंत्र गारवा निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तीत आणखी घालते. पंखेवाल्याचा घाम जाऊन शेजाऱ्याचे अंगण आले, एवढाच फरक.

मी गेलो. तात्या बाजेवर बसले होते. सगळे ऐकून घेतले, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आत्या पडली, हे मला गावातनं कळावं काय रे? अंगणात आणून निजवायची. अंगण काय परकं हाय?"

मला उत्तर देता आले नाही. अंगणात निजण्याचे तिचे वय सरले होते. तीस वर्षांपूर्वी हे वाक्य कोणी तरी म्हणावयास हवे होते, त्यांनी किंवा आम्ही.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः टेप घेऊन आले. मधल्या जागी नको, तिथे पोरे झोपतात. पलीकडच्या टोकाला, पडक्या गोठ्याच्या तोंडाशी भोक पाडावे, असे ठरले. दहा बाय बाराची खोली, पण वर पत्रा, म्हणून टनाऐवजी दीड टन. पत्र्याखाली गवंड्याने लाकडी तक्तपोशीही मारली. छप्पर झाकल्यावाचून यंत्र विकत घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. भोकावर फरशीचा तुकडा टाकला, यंत्राला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला. आत्या त्याचा आकडा सत्तावीसवर ठेवते. त्याखाली गेले, की तिला हुडहुडी भरते.

यंत्राच्या पाठीतून रात्रभर पाणी ठिबकते. त्याखाली वहिनींनी बादली ठेवली आहे. सकाळी ते पाणी त्या आपल्या जास्वंदीला घालतात, आणि बादली रिकामी केल्यावर भिंतीवर दोन थापा मारून विचारतात, "आत्या, उठला का?"

आत्या आतून ओ देते. नऊ इंचांची भिंत. आवाज पलीकडे स्पष्ट जातो. तो तीस वर्षेही जातच असला पाहिजे.