रिकाम्या कार्ट्रिजचा मालक कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शाई हा शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ ‘सियाही’, म्हणजे काळेपण. दौत अरबी, कलमही अरबीच्या वाटेने आलेली, आणि ज्या रद्दीवाल्याला आपण सुट्टीच्या दिवशी हाक मारतो त्याची रद्दीसुद्धा अरबी ‘रद्द’मधून निघालेली. लिहिण्याच्या वस्तू आणि लिहून झाल्यावर टाकायच्या वस्तू, दोन्हींची नावे एकाच बंदरातून आपल्याकडे उतरली, याची मला कवी म्हणून गंमत वाटते. आज बोलायचे आहे ते या दोन्हींच्या मधोमध अडकलेल्या एका वस्तूबद्दल, प्रिंटरच्या संपलेल्या कार्ट्रिजबद्दल. ते टाकायचे, भरून घ्यायचे, की ज्याने बनवले त्याला परत करायचे? प्रश्न किरकोळ वाटेल. पण याच प्रश्नाने अमेरिकेच्या आणि जपानच्या सर्वोच्च न्यायालयांचे दार ठोठावलेले आहे.

दौतीतली शाई संपली म्हणून दौत टाकून देणारा माणूस आमच्या लहानपणी वेडा ठरला असता. शाळेसमोरचा दुकानदार काही पैशांत पेनमध्ये शाई भरून द्यायचा. घरी अब्बा शाईच्या वड्या पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवत. कचेरीतला टाइपरायटरचा कारकून फिक्या पडलेल्या रिबिनीला थोडे तेल लावून तिच्याकडून आणखी आठवडाभर काम काढून घेई. पुढे बॉलपेन आले आणि ‘रिफिल’ हा शब्द घरोघरी पोचला. इंग्रजीत त्याचा अर्थ पुन्हा भरणे. आपल्याकडे मात्र जी कांडी कधीच पुन्हा भरत नाहीत, संपली की फेकतात, तिलाच आपण रिफिल म्हणू लागलो. शब्दाचा अर्थ असा उलटा फिरला, आणि पुढे काय होणार आहे याची चाहूल त्यातच होती असे आता वाटते.

१९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीत इचिरो एंदो नावाच्या अभियंत्याच्या कामाच्या टेबलावर तापलेले सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले. सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो, हे तत्त्व त्यातून हाती लागले. अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डचे, म्हणजे एचपीचे, अभियंतेही साधारण त्याच काळात स्वतंत्रपणे त्याच तत्त्वापाशी पोचले. अडचण पुढे होती. शाई कागदावर लगेच वाळली पाहिजे, पण केसाहून बारीक छिद्रात वाळता कामा नये. शिवाय शाई तापवणारा चिमुकला भाग सतत तापून-निवून झिजतो. एचपीने १९८४च्या थिंकजेट प्रिंटरमध्ये यावर जो तोडगा काढला तो साधा आणि दूरगामी होता. हा सगळा नाजूक भाग शाईच्या डबीलाच जोडायचा, आणि शाई संपली की डबीसकट टाकून द्यायचा. तो झिजायच्या आत शाई संपली म्हणजे झाले. टाकण्याची वस्तू मुद्दाम टाकण्यासाठी म्हणून बनवली गेली ती अशी.

लेझर प्रिंटरची गोष्ट याची सख्खी बहीण. कॅननने १९८२मध्ये छोटे कॉपियर आणले, त्यात ड्रम, टोनरची भुकटी आणि झिजणारे इतर भाग एकाच डब्यात होते. डबा बदलला की दुरुस्तीवाल्याला बोलवायला नको. एचपीच्या १९८४च्या लेझरजेटमध्ये कॅननचेच यंत्र आणि तसाच डबा होता. मात्र भुकटी संपली तेव्हा आतला ड्रम बऱ्याचदा धडधाकट असे. हे पहिल्यांदा लक्षात आले ते अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये बसून काम करणाऱ्या खटपट्या लोकांच्या. डब्याला भोक पाडायचे, भुकटी भरायची, भोक बुजवायचे. नव्या डब्यापेक्षा बरेच स्वस्त. बघता बघता त्याचा एक उद्योग उभा राहिला.

आणि मग कंपन्यांना अचानक आपले रिकामे डबे आठवले. कॅननने १९९०पासून, एचपीने १९९१पासून वापरलेली टोनर कार्ट्रिज परत घ्यायला सुरुवात केली. पर्यावरणाचे कारण खोटे नव्हते. डब्यातले प्लास्टिक आणि धातू पुन्हा वापरात येतात, कचराभूमीवरचा भार कमी होतो. पण परत आलेला प्रत्येक डबा भरणाऱ्याच्या हातून निसटलेला डबाही असतो, हेही तितकेच खरे. माझ्या मते या व्यवहाराकडे पाहताना दोन्ही डोळे उघडे ठेवावेत.

लेक्समार्क कंपनीने हे आडपडदा न ठेवता केले. १९९१मध्ये आयबीएमपासून वेगळी झालेली ही केंटकीतली कंपनी. तिने ग्राहकाला दोन पर्याय दिले. पूर्ण किंमत देऊन कार्ट्रिज घ्या, मग ते तुमचे. किंवा सुमारे २० टक्के सवलतीत घ्या आणि करार करा की हे एकदाच वापरू आणि रिकामे झाल्यावर लेक्समार्कखेरीज कोणालाही देणार नाही. करार पाळला जावा म्हणून आत चिप बसवली. स्टॅटिक कंट्रोल या नॉर्थ कॅरोलायनातल्या कंपनीने त्या चिपची जोडचिप बनवून भरणाऱ्यांना विकली. २००२च्या अखेरीस लेक्समार्कने तिच्यावर दावा लावला. आधार होता १९९८चा डिजिटल स्वामित्वहक्काचा कायदा, म्हणजे गाणी आणि चित्रपट यांची चोरी थांबवण्यासाठी केलेला. २००४मध्ये अपील न्यायालयाने लेक्समार्कला मिळालेला मनाईहुकूम उठवला. निकालपत्रात एक मजेशीर तपशील आहे. ज्या संगणकीय आज्ञावलीच्या हक्कासाठी हे रण माजले होते, ती इतकी छोटी होती की खटल्याचे नुसते नाव साठवायला तिच्याहून जास्त जागा लागली असती. आम्ही कवी दोन ओळींच्या शेराचा हक्क सांगतो तेव्हा लोक हसतात. त्यांनी हा खटला वाचावा.

पुढे लेक्समार्कने पेटंटचा मार्ग धरला. वेस्ट व्हर्जिनियातली इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही छोटी कंपनी रिकामी कार्ट्रिज मिळवून, भरून विकत होती. बाकीच्या अनेकांनी तडजोड केली, ही लढत राहिली. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा, की पेटंट घेतलेली वस्तू एकदा विकली की त्या वस्तूवरचा पेटंटचा हक्क संपतो. ग्राहकाने करार मोडला असेल तर कराराचा दावा करा, पण पेटंटचा पट्टा वस्तूच्या गळ्यात बांधून ती जाईल तिथे तिच्यामागे जाता येणार नाही. त्यांनी जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजचे उदाहरण दिले. गाडीच्या प्रत्येक सुट्या भागाच्या कंपनीने असा हक्क सांगितला तर ते गॅरेज चालणार कसे?

जपानमध्ये नेमके उलटे घडले होते. रिसायकल असिस्ट ही कंपनी कॅननची रिकामी शाई-कार्ट्रिज मकाऊमध्ये धुऊन भरून जपानमध्ये आणत होती. पहिल्या न्यायालयात ती जिंकली. वरच्या न्यायालयात हरली, आणि ८ नोव्हेंबर २००७ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅननचीच बाजू उचलून धरली. कार्ट्रिजच्या आतली रचना धुऊन भरल्यामुळे पुन्हा कामाला लागते, म्हणजे ही दुरुस्ती नव्हे, नवी वस्तू बनवणेच होय, असे त्या न्यायालयाचे म्हणणे. धुतलेली दौत नवी की जुनी? दोन शहाण्या न्यायालयांची दोन उत्तरे. मी साधा कलाशाखेचा पदवीधर, न्यायनिवाडा माझे काम नाही. पण धुतलेल्या दौतीला जुनी म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसेन.

या भांडणातला खरा विनोद नंतर घडला. स्टॅटिक कंट्रोल २०१५मध्ये चीनमधल्या झुहाई शहरातल्या एपेक्स कंपनीने विकत घेतली. एपेक्सचा धंदा पर्यायी कार्ट्रिजच्या चिपा बनवण्याचा. पुढच्याच वर्षी एपेक्सच्या गटाने लेक्समार्कही घेतली. वादी आणि प्रतिवादी एकाच छपराखाली. लेक्समार्क २०२५मध्ये झेरॉक्सकडे गेली.

चिपांची लढाई मात्र संपली नाही. सप्टेंबर २०१६मध्ये जगभर एचपीचे अनेक प्रिंटर एकाच दिवशी इतर कंपन्यांची कार्ट्रिज नाकारू लागले. कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०२०मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने याच प्रकारच्या बंधनांवरून एचपीला १ कोटी युरोंचा दंड केला.

ही झाली न्यायालयांची बाजू. जी कार्ट्रिज ना भरणाऱ्याकडे गेली ना कंपनीकडे, त्यांचे काय झाले? २००२मध्ये बासेल ॲक्शन नेटवर्क या संस्थेने चीनमधल्या ग्वीयू गावाचा अहवाल प्रसिद्ध केला. श्रीमंत देशांचा इलेक्ट्रॉनिक कचरा तिथे उघड्यावर फोडला जात होता. टोनरचे डबे फोडून उरलेली भुकटी मजूर ब्रशने बादलीत झाडत होते. अंगावर, तोंडावर काळी धूळ. नाकावर फडके बांधणेही कित्येकांच्या नशिबी नव्हते. या शाईतून एक अक्षरही छापले गेले नाही, ती त्यांच्या छातीत गेली.

आपल्याकडे २०११च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर ‘कार्ट्रिजसह’ असा स्पष्ट उल्लेख आला आणि १ मे २०१२पासून ते लागू झाले. विकणाऱ्या कंपनीनेच वस्तूच्या अखेरची जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व त्यात आहे. २०१६मध्ये नियम बदलले, पुन्हा २०२२मध्ये बदलले आणि १ एप्रिल २०२३पासून नवे लागू आहेत. आता कंपन्या नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे घेऊन आपले उद्दिष्ट पूर्ण करतात. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण प्रमाणपत्र मिळते ते मुख्यतः वस्तू फोडून धातू वेगळा केल्याचे. सिरिंजने शाई भरून तेच कार्ट्रिज आणखी दोनदा चालवणाऱ्या गल्लीतल्या पोराने फोडण्यापेक्षा चांगले काम केलेले असते, तरी नोंदणी, पोर्टल आणि लेखापरीक्षण त्याच्या आवाक्यातले नाही. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक निवडणाऱ्या हातांचीही तीच कथा.

याच सिरिंजवाल्यांनी एका मोठ्या कंपनीला रस्ता बदलायला लावला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. इंडोनेशियातले कारागीर प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून स्वस्तात छपाई करून देत होते. ते थांबेना, तेव्हा २०१०मध्ये एप्सनने तिथे स्वतःच शाईच्या टाक्या असलेला प्रिंटर विकायला काढला. यंत्र महाग, शाई स्वस्त. नंतर तो भारतातही आला, आणि इतर कंपन्यांनीही तशीच यंत्रे आणली. आज झेरॉक्सच्या कोणत्याही छोट्या दुकानात पाहा, मुलगा झाकण उघडतो, बाटली उलटी धरतो आणि टाकीवरच्या खुणेपर्यंत शाई ओततो.